बेट छोटं, दिवस त्याहून छोटा

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद. बाबांना घेऊन त्या खडकाळ बेटावर जायचं ठरवलंयस हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेला बेतही दोनदा वाचला. सकाळच्या पहिल्या बोटीने जायचं, बेटाला पूर्ण फेरी मारायची, माथ्यावर जायचं, गुहा बघायची आणि शेवटच्या बोटीने परत. एकट्याने जात असतास तर मी काही बोललो नसतो. बाबांसोबत मात्र यातल्या निम्म्या गोष्टी आत्ताच खोडून टाक. तिथे गेल्यावर खोडाव्या लागल्या, तर बाबांना वाटेल आपल्यामुळे राहिलं.

नकाशावर बेट चिमुकलं दिसतं, तिथेच फसायला होतं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा दिला होता. सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा. जिथे दर पावलाला दगड हलतोय का ते बघावं लागतं, तिथे बाबांसाठी येणाऱ्या वेळेची सरळ दुप्पट धर, आणि बसायचा वेळ वेगळा. परतीला शेवटच्या आधीची बोट पकडायची असं ठरव. शेवटची बोट अडीअडचणीसाठी असू दे.

आता दिवस निवडायचं बघू. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात आणि या वेळा रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतात, एवढं तुला ठाऊक असेल. पण पाणी एका चालीने चढत नाही. पूर्ण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. खालच्या खडकांवरून फेरी मारताना ‘पाणी अजून लांब आहे’ असं वाटतं ते त्याच्या आधी. तुला पळत वर येता येईल, बाबांना नाही. म्हणून ती किनाऱ्याची फेरी मी पहिली खोडली.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण जोरात असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं तसं जास्त खालीही जातं, आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यावर उतरणं तरण्या माणसालाही जड जातं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. जमलं तर तसा दिवस घे. वारा नसला म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही, हेही बाबांना आधी सांगून ठेव. लांब कुठेतरी झालेल्या वादळाच्या लाटा लख्ख उन्हातही येऊन आदळतात. आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकेल बेटावर, जिथे ६१८ दगडी पायऱ्या चढून जुन्या मठापर्यंत जावं लागतं, ऐन हंगामातही समुद्र खवळला की बोट लागत नाही. तेव्हा हाताशी दुसरी तारीख ठेव. बोटवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस.

बेटावर उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. पिशव्या नंतर कुणीतरी देईल. बोट लाटेबरोबर वर येते तेव्हा पाऊल टाकायचं, उडी मारायची नाही. खलाशाने हात पुढे केला तर बोटं न धरता एकमेकांची मनगटं धरायची. बाबांना हे बोटीत बसल्यावर सांग, धक्क्याशी आल्यावर ओरडून नको.

बाबांचा चष्मा दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा आहे ना? पायऱ्या उतरताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, तो असतो वाचायचा, आणि पायरीची कड नेमकी धूसर दिसते. माणसं उगाच गुडघ्यांना बोल लावतात. फक्त दूरचं दिसणारा चष्मा असेल तर तो बरोबर घ्यायला सांग. बोटीत मळमळू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, वयस्कर माणसाला गरगरतंही. खडकावर जायच्या आधी ते नकोच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. बोटीच्या मध्यावर, उघड्या हवेत, क्षितिजाकडे तोंड करून बसवलंस तर बहुतेकदा त्यावर भागतं.

आणि एक अवघड विषय. अशा बेटांवर बऱ्याचदा स्वच्छतागृह नसतं. हे कळलं की वयस्कर माणसं गुपचूप पाणी पिणंच बंद करतात. वयानुसार तहानही कमी लागते, त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर विचारायलाच नको. दुपारपर्यंत चक्कर येते आणि सगळे उन्हाला दोष देतात. तिथे सोय आहे का, बोटीवर आहे का, हे आधी फोन करून विचार आणि बाबांना आपणहून सांग. त्यांना विचारावं लागता कामा नये.

तशीच थकव्याची गोष्ट. ‘दमलात का?’ असं विचारलंस की उत्तर ठरलेलं आहे. विचारूच नकोस. तू बस. बूट सोड, पाणी काढ, समोरच्या पक्ष्यांकडे बघ. तू बसलास की तेही बसतील. तीन-चार जणांसमोर त्यांचा दंड धरून चालू नकोस, त्यापेक्षा दोन काठ्या दे. उताराला गुडघ्यांवर चढापेक्षा जास्त भार येतो, काठ्यांनी तो थोडा हातांवर जातो. उतरताना तू दोन पावलं पुढे राहा. घड्याळ त्यांच्याकडे दे. कुठल्या वेळेला मागे फिरायचं ते त्यांनी सांगायचं, आणि त्यांनी सांगितलं की तू ‘अजून पाच मिनिटं’ म्हणायचं नाही.

अर्ध्या वाटेवर ते म्हणतील, ‘तू जाऊन ये वर, मी बसतो इथे.’ नेहमीचा सल्ला असा की सोडून जाऊ नये. मला तो सरसकट पटत नाही. जागा वाऱ्यापासून आडोशाची असेल, त्यांच्याकडे पाणी आणि जादा कपडा असेल, आणि माथा खरंच वीसेक मिनिटांवर असेल, तर जा. यायची वेळ सांग आणि तिच्या आधी ये. त्यागाचा चेहरा करून शेजारी बसलास तर दोघांचाही दिवस नासेल. पण तिथे फोनला रेंज नसेल, वाट दोन ठिकाणी फुटत असेल किंवा धुकं उतरू लागलं असेल, तर मात्र दोघांनीच खाली यायचं.

गुहेचं बोटवाल्याला विचार. समुद्र बरा असेल तर कधी कधी ते बोटच तोंडापर्यंत नेतात, आणि चालत जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दोन्ही तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून मला पाठव, मग दिवस पक्का करू. बाबांचे बूट या आठवड्यातच उलटे करून तळवे बघ. झिजले असतील तर नवे आत्ताच घे, म्हणजे जायच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या पायात राहतील.

तुझा,
काका