शाळेच्या सामन्यात पालकांनी बाहेरून ओरडावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीची शाळेच्या कबड्डी संघात निवड झाली आहे, पहिल्या सामन्याला घरचे सगळे जाणार आहात, तर तिथे कसं वागावं, किती ओरडावं. टाळ्या वाजवा, तिचं नाव घ्या, घसा बसेपर्यंत ओरडा. पण कसं खेळायचं ते बाहेरून सांगू नका. एक शब्दसुद्धा नाही.

मी कळव्याची. शाळेत असताना खेळले, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेले. आता माझी मुलगी चौदा वर्षांखालच्या गटात खेळते. गेल्या डिसेंबरात ठाण्यात आंतरशालेय सामने होते. भाचीचा सामना म्हणून माझा मोठा भाऊ कंपनीतून रजा टाकून आला आणि थेट रेषेला चिकटून उभा राहिला. उत्तरार्धातली शेवटची तीनेक मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे, चढाईला माझी मुलगी. तिची एक सवय आहे. उजव्या कोपऱ्यासमोर ती दोनदा फसवं पाऊल टाकते आणि समोरची जरा पुढे झुकली की हाताने टिपते. त्या दिवशी पहिलं पाऊल पडलं आणि दादा गरजला, "बोनस! बोनस घे!" तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं. मग मामाचं ऐकून जादा गुणासाठी पाय समोरच्यांच्या बोनस रेषेपलीकडे टाकला. कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, बाकीच्या अंगावर पडल्या, संपलं.

समोर पाचच जणी होत्या हो! बोनस मिळतो तो मैदानात सहा किंवा सात जणी असतील तरच. म्हणजे ती सुखरूप परत आली असती तरी त्या पायाचा गुण शून्य. हे तिला पाठ आहे. दादाला माहीत नव्हतं.

एवढ्यावर थांबला नाही. थोड्या वेळाने आमची एक मुलगी मागे सरकताना लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेली, पंचांनी बाद दिली. दादा पंचांवर धावून गेला, "लॉबी मैदानातच धरतात!" धरतात, पण चढाई करणारीशी स्पर्श झाल्यावर. त्याआधी लॉबीत पाय पडला की बाद. शेवटी आमची कप्तान, तेरा वर्षांची पोर, हात जोडून त्याला म्हणाली, "काका, तुम्ही मागे थांबा ना." ते जोडलेले हात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हरलो. रिक्षात मुलगी गुडघ्याच्या खरचटलेल्या जागेवरची माती नखाने काढत बसली होती. कळवा नाका येईपर्यंत गप्प. मग एवढंच म्हणाली, "मी बघायलाच नको होतं." चूक कोणाची आणि ती स्वतःला दोष देत होती.

दादाचं म्हणणं पंचवीस वर्षं एकच. "मी बाहेरून ओरडायचो म्हणून तू जिल्ह्यापर्यंत गेलीस." भाऊबीजेला ऐकवतो, लग्नाकार्यात ऐकवतो. आज लिहूनच टाकते. ज्या सामन्यात माझी निवड झाली, त्या दिवशी दादाची कंपनीत दुसरी पाळी होती. रेषेवर माझं कोणीही नव्हतं. मला ऐकू येत होता तो फक्त माझा दम, आणि मी समोरच्यांच्या पायांकडे बघत होते. मला आठवतो तो माझा सगळ्यात चांगला खेळ.

तुमच्यासाठी थोडं कामाचं. रेषेपासून चार हात लांब बसा, पकडीत मुली घरंगळत बाहेर येतात. मुलगी चढाईवर असताना आवाज कमी करा, तिचं 'कबड्डी कबड्डी' पंचांना ऐकू गेलं पाहिजे. खो-खोला गेलात तर बाहेरून 'खो' ओरडू नका, बसलेलं पोर फसून आधीच उठतं आणि फाउल होतो. समोरच्या संघाने चांगली पकड केली तर त्यांनाही टाळ्या द्या. पंचांशी बोलायचं काम कप्तान आणि सरांचं. खेळाडूने हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर. पालकाने घातली तर मान खाली जाते ती पोरीची.

आणि घरी जाताना सामन्याचा विषय तिने काढला तरच बोला. आधी वडापाव द्या.

हां, मुकं बसा असं माझं म्हणणं नाही. कोणी मुद्दाम मारतंय, मुलीला लागलंय तरी खेळवतायत, तर उठून बोलायलाच हवं, तेही सरांना गाठून. आणि एखाद्या मुलाला बापाचा आवाज ऐकूनच जोर येत असेलही. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री तिलाच विचारा, आम्ही कुठे बसू. मी विचारलं तेव्हा माझी म्हणाली, "गुणफलकाच्या मागे बस. आणि मामाला तुझ्या शेजारी बसव."