शिष्टमंडळ नव्हे, वकिलात!

प्रश्न असा आहे: ‘दिल्लीतल्या युरोपीय संघाच्या कचेरीला बातम्यांत कधी शिष्टमंडळ म्हणतात, कधी दूतावास. वकिलात हा शब्द आता जुना झाला का? आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाच्या शहरात, वकिलात आहे का?’

शिष्टमंडळ तर मुळीच नाही. हे भाषांतर दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतं आणि दर वेळी संताप होतो. शिष्टमंडळ येतं, बोलणी करतं आणि परत जातं. ही कचेरी १९८३ पासून दिल्लीत आहे. इंग्रजी नावात ‘डेलिगेशन’ दिसलं की कोशातला पहिला शब्द उचलायचा, ही निव्वळ आळशी सवय आहे. १ डिसेंबर २००९ रोजी लिस्बनचा तह लागू झाला, तेव्हापासून देशोदेशींच्या या कचेऱ्या संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या न राहता अख्ख्या संघाच्या झाल्या. त्यांचा प्रमुख राजदूत म्हणवतो. राजदूताच्या कचेरीला मराठीत शब्द आहे, आणि चांगला शब्द आहे.

दूतावासाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तो चुकीचा नाही, पण तोकडा आहे. दूत राहतो ते घर, एवढंच तो सांगतो. दूत कोणाच्या वतीने आणि किती अधिकाराने बोलतो, हे त्यात कुठेच नाही. ‘वकील म्हणजे काळा कोट, त्याचं परराष्ट्र व्यवहारात काय काम?’ असं शुद्धीवादी मंडळी विचारतात. त्यांनी पेशवे दप्तरातली चार पत्रं वाचावीत. दिल्लीत हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. १७८६ मध्ये पुण्यात आलेला चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील. यांपैकी कोणीही कोर्टात खटले लढवत नव्हता.

मूळ अरबी धातू व-क-ल, अर्थ ‘सोपवणे’. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील, सोपवणारा तो मुवक्किल. सगळं ईश्वरावर सोपवणं म्हणजे तवक्कुल, आपल्या भाषेत ‘हवाला देवावर’. वकिलात हा वकालतचा अपभ्रंश आहे, असं म्हणून काही जण हात झटकतात. मला ते पटत नाही. मराठीत वकालत म्हणजे वकिलाचा धंदा आणि वकिलात म्हणजे राजदूताची कचेरी, असे दोन अर्थ स्वच्छ वेगळे आहेत. नुसत्या अपभ्रंशातून अशी वाटणी होत नाही. बोलणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ‘वकील’ ठेवून हे रूप घडवलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

पण खरी गंमत इंडोनेशियातल्या जाकार्तात आहे. आसियानचं सचिवालय याच शहरात आहे, आणि इंडोनेशियाच्या लोकप्रतिनिधीगृहाचं नाव आहे ‘देवान पर्वाकिलान राक्यात’. कान देऊन ऐका: देवान म्हणजे आपला दिवाण, राक्यात म्हणजे रयत, आणि पर्वाकिलान या शब्दाच्या पोटात वकील बसलेला आहे! त्याला पुढे-मागे मलय प्रत्यय लावून ‘प्रतिनिधित्व’ असा अर्थ केला. इंडोनेशियाच्या परदेशांतल्या कचेऱ्यांनाही पर्वाकिलानच म्हणतात. उपराष्ट्राध्यक्ष ‘वाकिल प्रेसिदेन’, स्थायी प्रतिनिधी ‘वाकिल तेताप’. आपण जो शब्द परका म्हणून हाकलायला निघालो, तो तिथे मानाने नांदतो आहे.

आता अधिकाराचा मुद्दा. कौटिल्याने अर्थशास्त्रात दूत तीन प्रकारचे सांगितले आहेत. निसृष्टार्थ स्वतः ठरवू शकतो, परिमितार्थाला मर्यादा आखून दिलेली असते आणि शासनहर फक्त लेख पोचवतो. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यांच्या नावे जे पद मिळवलं, ते ‘वकील-इ-मुतलक’. मुतलक म्हणजे बंधनातून मोकळा केलेला. तलाक याच धातूतला. आणि निसृष्ट? नि अधिक सृज्, म्हणजे मोकळं सोडलेलं! दोन भाषा, दोन परंपरा, आणि पूर्णाधिकारासाठी कल्पना एकच. आजच्या राजदूताच्या पदनामात ‘असाधारण आणि पूर्णाधिकारी’ असं जे लिहितात, ते वकील-इ-मुतलकच आहे.

हा अधिकार मिळतो कसा? १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार आधी यजमान देशाची संमती घ्यावी लागते. ती नाकारताना कारण सांगायचं बंधन नाही. मग राष्ट्रप्रमुखाच्या सहीचं पत्र घेऊन राजदूत जातो. संघाच्या राजदूताच्या पत्रावर युरोपीय परिषदेचे आणि आयोगाचे असे दोन अध्यक्ष सही करतात. बातम्यांत याला ‘ओळखपत्र’ म्हणतात, जणू लोकलचा पास दाखवायचा आहे. याला वकीलपत्र म्हणावं. मूळ अर्थ तोच आहे, आणि ‘कोणाचं वकीलपत्र घेणं’ हा वाक्प्रचार आपल्या तोंडात आहेच.

संघ म्हणजे देश नव्हे, यावरून भांडणंही झाली आहेत. २०१८ च्या अखेरीस वॉशिंग्टनने संघाच्या राजदूताचा राजशिष्टाचारातला क्रम न कळवता खाली सरकवला आणि मार्च २०१९ मध्ये पूर्ववत केला. लंडनने तर ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे असं म्हणत पूर्ण दर्जा द्यायला आढेवेढे घेतले. तो प्रश्न मे २०२१ मध्ये सुटला.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आसियानचा. संघ आणि आसियान यांचे औपचारिक संबंध १९७७ पासूनचे. २०१५ पासून जाकार्तात खास आसियानसाठी संघाची वकिलात आहे आणि तिचा राजदूत आपलं वकीलपत्र आसियानच्या महासचिवांना देतो. भारताचीही तिथे आसियानसाठी स्वतंत्र वकिलात आहे, तीही २०१५ पासूनच. पण आसियानने आपल्या वतीने बोलायला ब्रुसेल्सला एकच वकील नेमलेला नाही. तिच्या सनदेच्या ४३व्या कलमानुसार तिथे सदस्य देशांच्या राजदूतांची समिती बसते. त्यातल्या प्रत्येकाचं वकीलपत्र त्याच्या-त्याच्या देशाचं असतं. म्हणून तिला ‘आसियानची ब्रुसेल्स समिती’ म्हणावं, वकिलात म्हणू नये.