मुलांची आबाळ : वाचकांचे प्रश्न

गरिबी आणि आबाळ यांची गल्लत करणारी पत्रे बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे सतत येतात. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहतो. ही मुलांची आबाळ आहे का?

नाही.

प्रश्न : शेजारचे तीन वर्षांचे मूल रोज दुपारी कुलूपबंद खोलीत एकटे रडते. कळवले तर त्याला बालगृहात टाकतील, असे सगळे म्हणतात.

आजच १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते. बाकी सारे ऐकीव आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असते आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला जातो. निर्णय बालकल्याण समिती चौकशी करून घेते, त्यामुळे पुरावे गोळा करण्यात तुम्ही दिवस घालवू नयेत.

प्रश्न : वस्तीतली एक बाई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला जाते आणि तिची नऊ वर्षांची मुलगी शाळा बुडवून दीड वर्षाच्या भावाला सांभाळते. दोष आईचाच ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागात अशीच एक आई आली होती. बाळाला किती वेळा जुलाब झाले हे तिला सांगता येईना, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या मुलीने बोटांवर मोजून सांगितले. त्या घरात माया भरपूर होती, परंतु दोन मुलांचे हाल होत होते : बाळाला जाणता सांभाळ नव्हता आणि मुलीला शाळा नव्हती. आईला बोल लावून यातले काहीच बदलत नाही. अंगणवाडीत दीड वर्षाच्या बाळासाठी शिधा मिळतो, मात्र तिथली बालवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असल्याने बाळाला दिवसभर ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतोच. म्हणून अंगणवाडी सेविकेला भेटून जवळच्या पाळणाघराची चौकशी करा, मुलीच्या वर्गशिक्षकांना खरी अडचण सांगा आणि आईची तयारी असेल तर तिला घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मुलगी आणखी एक सत्र घरी राहिली, तर तिला पुन्हा शाळेत बसवणे फार अवघड होईल.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर बालसंगोपन या सरकारी मदत योजनेचा अर्ज भरून देण्यासाठी एक एजंट तीन हजार रुपये मागतो. द्यावेत का?

एक रुपयाही देऊ नका. अर्ज विनामूल्य आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जा आणि कागदपत्रांची यादी तिथूनच घ्या. अडलेल्या विधवेकडून पैसे उकळणाऱ्यांविषयी मला तीव्र संताप वाटतो.

प्रश्न : दोन वर्षांचा नातू एकही शब्द बोलत नाही. सून त्याच्याकडे लक्ष देत नाही म्हणून असेल का?

सुनेवर ठपका ठेवण्याआधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.