त्वचेचं बोला : सीरमचा रंग बदलला, आता काय?

प्रश्न : मी 36 वर्षांची, सोलापुरात शिक्षिका आहे. दोन्ही गालांवर वांग आहे. 20 टक्क्यांचं व्हिटॅमिन सी सीरम मागवलं. आलं तेव्हा पाण्यासारखं होतं, आता कोऱ्या चहासारखं झालंय. निम्मी बाटली शिल्लक आहे आणि पैसे बरेच पडलेत. वापरू की टाकू? बाटली बाथरूममधल्या फळीवर असते. जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा लिंबू चोळ.

उत्तर : टाका, ताई. जीव हळहळेल, पण त्या बाटलीत आता कामाचं फारसं उरलेलं नाही. वापरलंत तर उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग तेवढे पडतील.

यातला मुख्य घटक एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच व्हिटॅमिन सी किंवा क जीवनसत्त्व. उन्हामुळे त्वचेत जे फ्री रॅडिकल, म्हणजे त्वचेला इजा करणारे अस्थिर कण, तयार होतात, त्यांना हे आम्ल स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन शांत करतं. पण दान करायची ही सवय बाटलीतही सुटत नाही. झाकण उघडलं की हवेतला ऑक्सिजन गिऱ्हाईक म्हणून हजर! ऊन, उष्णता, पाणी यांनी ही क्रिया वाढते. गीझरच्या वाफेत, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात, दुसरं काय होणार? किंचित पिवळसर छटा आली तर मी चालवून घेते. तपकिरी झालं की नाही.

पुढच्या वेळी 10 टक्क्यांचं, गडद काचेची छोटी बाटली असलेलं घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. ‘जितके टक्के जास्त तितकं भारी’ हा जाहिरातवाल्यांचा हिशेब. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने 2001 मध्ये डुकरांच्या त्वचेवर तपासलं, तेव्हा 20 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर त्वचेत जास्त काही शिरत नव्हतं. आणि द्रावणाचा पीएच (जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) 3.5 च्या खाली असेल तरच ते नीट शिरत होतं. चुरचुरतं ते म्हणूनच. त्याच गटाने 2005 मध्ये सी आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात फेरुलिक आम्ल मिसळलं, तर द्रावण जास्त टिकलं आणि उन्हापासूनचं संरक्षण दुप्पट झालं. हे फेरुलिक आम्ल 1866 मध्ये पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते हिंगाच्या चिकातून. (म्हणून कुणी हिंग लावू नका! ओपीडीत काय काय लावून आलेले चेहरे बघते, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

चुरचुर सोसत नसेल तर सोडियम किंवा मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटवालं सीरम मिळतं. ते टिकतं जास्त, त्वचेला सौम्य असतं. परिणाम मात्र मंद.

जाऊबाईंचं मात्र मुळीच ऐकू नका. लिंबाच्या 100 ग्रॅम रसात क जीवनसत्त्व साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम. 10 टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्याच वजनात 10,000 मिलिग्रॅम! शिवाय लिंबातली फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. आधीच वांग असलेल्या गालांवर हे करून घ्यायचं?

आता मुद्द्याचं. नुसत्या सीरमने वांग जात नाही. ते सकाळी लावायचं आणि वर सनस्क्रीन. तेही रंगछटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या, कारण वांग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही होतं. साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. शाळेच्या मैदानावर उभं राहावं लागत असेल तर दुपारी पुन्हा लावा, छत्री घ्या.

मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली ‘डाग जायची’ ट्यूब आणू नका. त्यात बऱ्याचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांच्या जोडीला स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ, लाल होते, लव वाढते. असं मलम लागलंच तर ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळच.

गर्भनिरोधक गोळ्या घेता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांनीही वांग वाढतं. चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मनाने बंद करू नका.