बाग तुमची, प्रश्न तुमचे

प्रश्न : फुलपाखरं यावीत म्हणून पुण्यात गच्चीवर स्कॅबिओसा या फुलझाडाचं बी जूनमध्ये पेरलं. रोपं वीतभरही न होता कुजली. बी खराब होतं का?

उत्तर : ताई, बिचाऱ्या बियांना बोल लावू नका. हे झाड भूमध्य समुद्राकाठचं. आपला पाऊस त्याला सोसत नाही. मीही पहिल्या वर्षी हाच उद्योग केला होता! दसरा झाला की पेरा. बी गंमतीशीर असतं, कागदी झालर लावलेलं, बॅडमिंटनच्या फुलासारखं. त्यावर जेमतेम मातीचा थर द्या. कुंडीच्या मातीत जाडी वाळू मिसळा, पाणी साचू देऊ नका. थंडीत वाढलेलं रोप साधारण फेब्रुवारीत फुलतं.

एक फूल जवळून बघा. ते एक नसतंच. कितीतरी चिमुकल्या फुलांचा गेंद असतो आणि त्यातून पुंकेसर शिंप्याच्या उशीत खोचलेल्या टाचण्यांसारखे वर आलेले असतात. माझ्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला फुलमाश्या त्यावर अक्षरशः लोळतात. भरगच्च दुहेरी पाकळ्यांची जात घेऊ नका, तिच्यातला मध कीटकांना सहजी मिळत नाही. सुकलेली फुलं खुडत राहा, नवी येतील.

आणि फुलपाखरांना नुसता मध देऊन भागत नाही, अंडी घालायला झाड लागतं. शेजारच्या कुंडीत कढीलिंब लावा. त्याची पानं अळ्यांनी कुरतडली, तर फवारणीचा पंप मात्र काढू नका. आमटीपुरती पानं उरतात.