ड्रुपल 7 वरून वर्डप्रेसवर जाताना

प्रश्न : आमच्या मासिकाचं संकेतस्थळ 2012 पासून ड्रुपल 7 या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर आहे. अडीच हजारांवर लेख आहेत आणि त्यांचे पत्तेही देवनागरीतच आहेत. वर्डप्रेस या दुसऱ्या प्रणालीवर गेलो तर गूगलवरून येणारे वाचक तुटतील का? चाचणीसाठी डेटा हलवला, तेव्हा काही लेखांत नुसती प्रश्नचिन्हं दिसली. ती कशामुळे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ड्रुपल 7 चा अधिकृत सपोर्ट 5 जानेवारी 2025 रोजी संपला, त्यामुळे हलायला हवंच. वाचक तुटतात ते पत्ते बदलल्यामुळे. म्हणून आधी पत्त्यांची यादी करा, थीमचं (स्थळाच्या रूपाचं) नंतर बघू. ड्रुपलमध्ये प्रत्येक लेखाला दोन पत्ते असतात : एक ‘नोड’ आणि क्रमांकाचा, दुसरा शीर्षकावरून केलेला. दोन्ही यादीत घ्या, कारण जुन्या लिंका दोन्हींवर असतात.

देवनागरी पत्त्यांचा खरा घोळ पुढेच आहे. वर्डप्रेसच्या डेटाबेसात लेखाच्या स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावाला, 200 जागा असतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, तिथे % चिन्हं असलेल्या सांकेतिक रूपात साठवलं जातं आणि 9 जागा खातं. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं मावतात. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ आणि पाणी’ या शीर्षकाचा स्लग ‘महाराष्ट्रातील-दुष्काळ-आ’ इथेच तुटतो. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ आणि शेती’ असाही लेख असेल, तर त्याचाही स्लग तिथेच तुटतो आणि त्याला शेवटी 2 चिकटतो. तेव्हा स्लग आपोआप बनू देऊ नका. छोटे स्लग स्वतः ठरवा, रोमन लिपीत केले तरी हरकत नाही, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा. एकास एक लावा. सगळं मुखपृष्ठावर वळवलं, तर गूगल ते पान हरवल्यातच धरतं.

अपाचे या वेब सर्व्हरच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये नियम लिहिणार असाल, तर रीराइटरूलमध्ये (पत्ता वळवणाऱ्या नियमात) जुना पत्ता सरळ देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात साठवा. हा नियम उलगडलेल्या पत्त्याशी ताडला जातो. % चिन्हांचा पत्ता चिकटवला, तर नियम कधीच लागू होत नाही आणि लोक सर्व्हरला दोष देत बसतात.

आता प्रश्नचिन्हं. बॅकअप घेताना किंवा भरताना डेटाबेसशी जोडणी लॅटिन-1 या रोमन अक्षरांपुरत्या संकेतात होती, तर त्यात न बसणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं. ते अक्षर कायमचं गेलं, त्या प्रतीतून परत मिळणार नाही. मूळ डेटाबेसातून पुन्हा बॅकअप घ्या आणि घेताना-भरताना दोन्हीकडे यूटीएफ8एमबी4 हा अक्षर-संकेत नमूद करा. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसत असतील, तर बाइट बहुतेक शाबूत असतात आणि मजकूर सहसा परत आणता येतो. कुठल्याही परिस्थितीत जुना डेटाबेस पुसू नका.

चित्रांसाठी ‘साइट्स/डिफॉल्ट/फाइल्स’ हा फोल्डर नव्या सर्व्हरवर त्याच मार्गावर ठेवा, म्हणजे लेखांतली चित्रं तुटत नाहीत. मीडिया लायब्ररीत ती दिसणार नाहीत, एवढंच. सदस्यांना मात्र नवा पासवर्ड घ्यायला लावा.

बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (स्थळाच्या नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची तो काळ, 300 सेकंदांवर आणा आणि नवे लेख टाकणं थांबवा. नवं स्थळ खुलं केल्यावर वर्डप्रेसच्या ‘वाचन’ सेटिंगमधली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण काढली आहे ना, ते पाहा. चाचणीच्या काळात लावलेली ही खूण अनेकदा तशीच राहते. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप (पानांची यादी) द्या. 404 ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, यादी पहिले काही आठवडे रोज पाहा आणि राहिलेले पत्ते जोडत जा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा.