काट्याचा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत जड होतो: आधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुर्भ्याच्या वजनकाट्यावर डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला विनफॉर्म्सचा (विंडोजच्या खिडक्या-बटणांचा) प्रोग्राम दिवसरात्र चालू असतो. गाडी आली की पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याचा फोटो घेतो, ग्रॉस (भरलेल्या गाडीचं) आणि टेअर (रिकाम्या गाडीचं) वजन नोंदवतो, पावती छापतो. सकाळी टास्क मॅनेजरमध्ये दीडशे एमबी दिसते, संध्याकाळी हजारच्या वर जाते, प्रोग्राम संथ होतो आणि मग फोटो दाखवताना ‘पॅरामीटर इज नॉट व्हॅलिड’ असा एरर येऊन प्रोग्राम बंद पडतो. पीसीत आठ जीबी रॅम आहे, ती सोळा केली तर भागेल का, असं मालक विचारताहेत. आणि कॅमेऱ्याची डीएलएल (कंपनीने दिलेली तयार कोडची फाइल) ३२ बिटची असल्यामुळे प्रोग्रामही ३२ बिटचाच ठेवावा लागला आहे.

या शेवटच्या वाक्यातच मालकांचं उत्तर आहे. रॅमवर पैसे घालू नका, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही. ३२ बिटच्या प्रोसेसला विंडोज स्वतःच्या वापरासाठी मुळात २ जीबीचाच पत्ता-विस्तार, म्हणजे मेमरीसाठी वापरता येणारे पत्ते, देते. मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असली तरी या आकड्यात फरक पडत नाही. त्यातही सगळे २ जीबी हाती येत नाहीत. डीएलएल मध्ये मध्ये जागा अडवून बसतात, तुकडे पडतात, आणि मोठ्या फोटोला लागणारी सलग जागा त्याआधीच संपते. तुमच्याकडे येणारा एरर बहुतेक त्या क्षणाचा आहे. जीडीआय-प्लसला (विंडोजच्या चित्रं हाताळणाऱ्या भागाला) जागा मिळाली नाही की ते पुष्कळदा मेमरीचं नाव न घेता पॅरामीटरलाच दोष देतं, आणि माणूस फाइलचा पाथ तपासत बसतो.

आता मोजणीकडे. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरचा मेमरीचा आकडा या कामाला वापरू नका. प्रोसेसची खाजगी पानं त्या क्षणी किती रॅममध्ये आहेत, तेवढंच तो सांगतो. दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली की विंडोज ही पानं बाहेर काढते आणि आकडा खाली येतो, पण प्रोसेसने मागून घेतलेली मेमरी तशीच असते. ‘डिटेल्स’ टॅबवर जा, मथळ्यावर राइट क्लिक करून कमिट साइज (प्रोसेसने मागून घेतलेली मेमरी), हँडल्स, यूजर ऑब्जेक्ट्स आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स हे चार कॉलम लावा. जीडीआय आणि यूजर ऑब्जेक्ट्सना प्रत्येक प्रोसेसमागे १०,००० ही ठरावीक मर्यादा असते. पेंटच्या कोडमध्ये दर वेळी गेटएचबिटमॅप किंवा टूएचफॉन्टने जीडीआयचं नवं हँडल घेऊन ते सोडलं नाही तर मेमरी भरण्याआधीच ही मर्यादा संपू शकते. मग कंट्रोलच्या जागी लाल फुली दिसायला लागते. तुम्ही फुलीबद्दल काही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझा संशय तिकडे कमी आहे, पण कॉलम लावून ठेवा.

यानंतर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डेटा कलेक्टर सेट बनवा. दर मिनिटाला दोन आकडे सीएसव्हीत जाऊ द्या: ‘प्रोसेस’मधला प्रायव्हेट बाइट्स आणि ‘डॉटनेट सीएलआर मेमरी’मधला सगळ्या हीपच्या (डॉटनेट आपले ऑब्जेक्ट ठेवते त्या जागेच्या) बाइट्सचा आकडा. दुसरा आकडा कचरा गोळा झाल्यावरच, म्हणजे डॉटनेटने वापरात नसलेले ऑब्जेक्ट काढून टाकल्यावरच ताजा होतो, म्हणून त्याचे चढ बघण्यापेक्षा तो दर वेळी खाली कुठपर्यंत येतो ते बघा. तळ वर सरकत असेल तर डॉटनेटच्या बाजूला कुणीतरी ऑब्जेक्ट धरून ठेवले आहेत. तळ स्थिर आणि प्रायव्हेट बाइट्स मात्र चढताहेत, तर वाढ डॉटनेटच्या बाहेर आहे: फोटो, कॅमेऱ्याची डीएलएल किंवा रिपोर्टचं इंजिन.

माझा खरा आग्रह पुढे आहे. हा आलेख घड्याळासमोर मांडू नका, गाड्यांसमोर मांडा. काटापावतीच्या टेबलमध्ये प्रत्येक वजनाची वेळ आहेच. दर तासाला किती वजनं झाली ते काढा आणि त्या तासातली वाढ त्याने भागा. गाडी नसतानाही आकडा चढत असेल तर टायमर, कॅमेऱ्याचा लाइव्ह प्रिव्ह्यू किंवा इंडिकेटरचं (काट्याचं वजन पीसीला पाठवणाऱ्या यंत्राचं) वाचन बघायचं. गाड्यांबरोबरच चढत असेल तर वजनाच्या फॉर्मशिवाय दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही. ‘मेमरी फार खातो’ ही तक्रार झाली. ‘एका गाडीमागे तीस एमबी जातात’ हे निदानाच्या अगदी जवळचं वाक्य आहे. सुरुवातीच्या तासाची वाढ मात्र हिशेबात धरू नका. कोड कंपाइल होणं, डेटाबेसची कनेक्शनं, पहिली छपाई यात काही मेमरी जाते आणि ती तशीच राहते, ती गळती नव्हे.

तीस एमबी मी उगाच म्हटलं नाही. १९२० बाय १०८० चा फोटो डिस्कवर जेपेग म्हणून काहीशे केबीचा असेल, पण उघडून दाखवताना दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ८२,९४,४०० बाइट होतात, म्हणजे ८ एमबीच्या वर. दोन कॅमेरे, ग्रॉस आणि टेअर धरून एका गाडीचे चार फोटो, म्हणजे ३३ एमबी. एकही सुटला नाही तर साधारण पन्नास गाड्यांत दीड जीबी. तुमचे कॅमेरे याच रिझोल्यूशनचे असतील, तर किती गाड्यांनंतर प्रोग्राम बसतो ते पावत्यांवरून मोजून बघा.

फोटो का सुटत नाहीत, हा भाग नीट समजून घ्या, कारण इथे दोन दोष एकमेकांत अडकलेले असतात. डॉटनेटच्या नजरेत बिटमॅप, म्हणजे मेमरीत उघडलेला फोटो, हा अगदी छोटा ऑब्जेक्ट आहे. त्याच्यामागचे आठ एमबी जीडीआय-प्लसकडे असतात आणि कचरा गोळा करणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्याला वाटतं घाई नाही. म्हणून बिटमॅप स्वतः डिस्पोज करावा लागतो, म्हणजे कोडमधून सांगून सोडावा लागतो. पिक्चरबॉक्स (फॉर्मवर फोटो दाखवणारी चौकट) हे काम तुमच्यासाठी करत नाही. तुम्ही दिलेली इमेज बदलली किंवा पिक्चरबॉक्सच डिस्पोज झाला, तरी जुनी इमेज तशीच राहते. नवी लावण्याआधी जुनी एका व्हेरिएबलमध्ये घ्या, नवी लावा, मग जुनी डिस्पोज करा.

दुसरा दोष इव्हेंटचा. इंडिकेटरचं वजन वाचणारा सिरियल पोर्टचा ऑब्जेक्ट प्रोग्राम चालू झाल्यापासून शेवटपर्यंत जिवंत असतो. वजनाचा प्रत्येक नवा फॉर्म उघडताना त्याच्या डेटा-रिसिव्ह्डला += करून आपला हँडलर (वजन आलं की धावणारा कोड) जोडतो. फॉर्म बंद झाला, पण -= केलं नाही, तर पोर्ट त्या फॉर्मला धरून राहतो, फॉर्म पिक्चरबॉक्सला, पिक्चरबॉक्स फोटोला. मग कचरा कितीही वेळा गोळा केला तरी काही उपयोग नाही, कारण नियमाप्रमाणे तो फॉर्म अजून वापरात आहे. शिवाय इंडिकेटर एक वजन पाठवतो तेव्हा दिवसभरात उघडलेल्या सगळ्या फॉर्मचे हँडलर धावतात. संध्याकाळी प्रोग्राम नुसता जड नाही, संथही होतो असं तुम्ही लिहिलं आहे, ते याच्याशी जुळतं. आणखी एक: शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज होत नाही. त्याला यूझिंगमध्येच गुंडाळा.

हा संशय खरा की खोटा, हे काट्यावर नाही, ऑफिसात तपासा. आभासी सिरियल पोर्टची जोडी लावा, एका टोकाला खोटं वजन पाठवणारा छोटा प्रोग्राम ठेवा, आणि वजनाचा फॉर्म बरोबर ३७ वेळा उघडून बंद करा. ३७ अशासाठी की तो आकडा सहसा योगायोगाने येत नाही. मग हीपचा स्नॅपशॉट घ्या. मायक्रोसॉफ्टचं परफव्ह्यू फुकट आहे आणि या कामाला पुरतं. यादीत तुमच्या फॉर्मच्या नावापुढे ३७ दिसले की शोध जवळजवळ संपला. त्याला कुणी धरलं आहे ती साखळी तिथेच बघता येते. विनडीबीजीची सवय असेल तर डम्पहीप आणि जीसीरूट या दोन आज्ञांनी तेच कळतं.

फॉर्म एकच निघाला आणि प्रायव्हेट बाइट्स तरीही चढले, तर सिसइंटर्नल्सचं व्हीएममॅप उघडा. मॅनेज्ड हीप, साधा हीप, प्रायव्हेट डेटा यांतलं काय फुगतंय हे ते वेगवेगळं दाखवतं. तेव्हा कॅमेऱ्याच्या डीएलएलची पाळी येते. फ्रेम मागितल्यावर ती परत सोडण्याचं वेगळं फंक्शन आहे का, ते तिच्या माहितीपत्रकात वाचा. असतं आणि बरेच जण ते बोलावत नाहीत.

काट्यावरच्या पीसीवरून डम्प घ्यायचा झाला तर प्रॉकडम्प वापरा. कमिट १२०० एमबीच्या पुढे गेला की आपोआप पूर्ण डम्प घे, असं त्याला -ma आणि -m १२०० देऊन सांगता येतं, त्यासाठी तुम्हाला रात्री जागायला नको. नेहमीच्या टास्क मॅनेजरमधून ३२ बिट प्रोसेसचा डम्प घेऊ नका. तो ६४ बिटच्या अंगाने लिहिला जातो आणि डॉटनेटचा हीप वाचताना फार त्रास देतो. आणि असा डम्प कुणालाही, मलाही, पाठवू नका. त्यात गाडीमालकांची नावं, दर, डेटाबेसचा पासवर्ड सगळं उघडं असू शकतं.

दोन उपाय तुम्हाला सुचवले जातील, ते घेऊ नका. जागोजागी जीसी कलेक्ट बोलावणं, आणि टायमरवर वर्किंग सेट (प्रोसेसची रॅममध्ये असलेली पानं) रिकामा करणं. दुसऱ्याने टास्क मॅनेजरमधला आकडा झटकन खाली येतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. कमिट साइज जिथे होती तिथेच राहते, प्रोग्राम तितक्याच गाड्यांनंतर बंद पडतो, आणि गळती ओळखण्याचं साधनही तुम्ही गमावता.

दुरुस्ती होईपर्यंत काटा चालू राहायला हवा, हे मला कळतं. एडिटबिनने लार्ज-ॲड्रेस-अवेअर हा झेंडा लावला तर ६४ बिट विंडोजवर याच प्रोसेसला ४ जीबी मिळतात. कॅमेऱ्याची डीएलएल त्यात नीट चालते का ते आधी ऑफिसात पाहा. दिवसातून एकदा प्रोग्राम बंद करून चालू करायलाही हरकत नाही, फक्त वेळ मध्यरात्रीची ठेवू नका. बाजार समितीच्या भाजीच्या गाड्या रात्रीपासून पहाटेपर्यंत येतात आणि तेव्हा काटा थांबला तर रांग रस्त्यावर येते. ऑपरेटरला विचारा, दुपारची कुठली वेळ मोकळी असते ते त्याला पक्कं माहीत असेल. बंद करण्याआधी कमिट साइज आणि तोपर्यंतची वजनं त्याला वहीत लिहायला सांगा.

इव्हेंट सोडवणं आणि फोटो डिस्पोज करणं हे दोन बदल एकाच वेळी काट्यावर टाकू नका. आधी -= टाका, ३७ ची चाचणी परत करा, फॉर्मची संख्या खाली आली का बघा. मग फोटोंचं. प्रत्येक बदलानंतरची सीएसव्ही आणि त्या दिवसाच्या वजनांच्या नुसत्या वेळा, गाडी नंबर काढून, इथे टाका. त्या दोन्ही एकत्र लावून दर गाडीमागची वाढ किती उरली ते मी काढून देईन.